राजवाड्यातून वाचनकक्षात : खासगी ग्रंथसंग्रह सार्वजनिक होतो तेव्हा

एखाद्या घराण्याचा ग्रंथसंग्रह संग्रहालयाच्या ग्रंथालयात जातो तेव्हा तीन गोष्टी घडाव्या लागतात. मालकी बदलावी लागते, यादी तयार व्हावी लागते आणि ज्याचा त्या घराशी काही संबंध नाही अशा वाचकाला पुस्तक मागण्याचा हक्क मिळावा लागतो. या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी घडल्या असे सहसा होत नाही. त्यांच्यामध्ये वर्षे जातात, कधी पिढ्या जातात, आणि त्यांचा क्रमही ठरलेला नसतो. मराठी राजघराण्याने जमवलेला सर्वांत मोठा ग्रंथसंग्रह तंजावरचा. त्याची छापील यादी १८८० मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली आणि मालकी बदलली १९१८ मध्ये. म्हणजे घर कोणाचे हे ठरण्याच्या अडतीस वर्षे आधीच त्यात काय आहे हे जगाला कळले होते. खासगीचे सार्वजनिक कसे होते, हे समजून घ्यायला हा संग्रह फार सोयीचा आहे. त्याच्या वाटचालीत वारसा, कोर्टकचेरी, सरकारी आदेश, सूची आणि चोरी असे सगळेच येऊन जाते.

तंजावरला राजवाड्यात पोथ्या ठेवण्याची प्रथा भोसल्यांच्या आधीची. नायक राजांच्या काळातही तेथे ग्रंथभांडार होते. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर घेतले आणि त्या भांडारात मराठीची भर पडू लागली. त्याला आजचे रूप मात्र दिले ते दुसऱ्या सरफोजी राजांनी. १७७७ मध्ये जन्मलेले सरफोजी दत्तक म्हणून गादीच्या वारशात आले, जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली शिकले आणि १७९८ मध्ये राजे झाले. पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, मानमरातब, ठरलेली नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढे राहिले. राज्य गेल्यावर हाती उरलेल्या पैशाचे आणि वेळेचे काय करायचे, या प्रश्नाची उत्तरे त्या काळच्या राजेरजवाड्यांनी नाना तऱ्हांनी दिली. सरफोजींनी पुस्तके घेतली.

घेतली म्हणजे शौकापुरती घेतली असे नव्हे. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन अशा भाषांतले सुमारे साडेचार हजार छापील ग्रंथ त्यांनी युरोपातून मागवले. वैद्यक, शरीरशास्त्र, वनस्पतिशास्त्र, वास्तुकला, संगीत, प्रवासवर्णने, कोश असा त्यांचा पसारा होता. कित्येक ग्रंथांवर राजांनी इंग्रजीत स्वतःची सही केलेली आहे. ही सवय पुढे फार उपयोगी पडणार होती. १८२० च्या सुमारास ते मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेला गेले, तेव्हा वाटेत आणि काशीत संस्कृत पोथ्या विकत घेतल्या गेल्या. ज्या विकत मिळेनात त्यांच्या नकला उतरवून घेतल्या. राजवाड्यात पंडित आणि लेखक पगारावर होते. छापखानाही होता. त्या छापखान्यातून १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक निघाले. महाराष्ट्रात मराठी छपाई अजून रांगतही नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. १८३२ मध्ये सरफोजी वारले तेव्हा त्या संग्रहात ताडपत्रे होती, कागदी पोथ्या होत्या, युरोपीय ग्रंथ होते, चित्रे आणि नकाशे होते. शिवाय राज्याच्या जमाखर्चाची आणि पत्रव्यवहाराची मोडी बंडले. आजच्या मोजणीने हस्तलिखितांची संख्या सुमारे एकोणपन्नास हजार आहे. त्यांत बहुतेक संस्कृत, पण मराठी हस्तलिखितेही तीन हजारांवर भरतात.

हा सगळा ठेवा कोणाचा होता? राजा जिवंत असेपर्यंत हा प्रश्न कोणी विचारला नाही. सरफोजींचे पुत्र शिवाजी राजे १८५५ च्या ऑक्टोबरात पुत्र नसताना वारले आणि प्रश्न एकदम उभा राहिला. कंपनीने राज्य खालसा ठरवले. वर्षभरानंतर रेसिडेंट फोर्ब्स शिपाई घेऊन राजवाड्यात आला आणि त्याने खोल्या-कोठारांना मोहरा लावल्या. राज्याचे काय आणि राजाच्या घरचे काय, असा भेदच त्याने ठेवला नाही. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या. निकाल त्यांच्या बाजूने लागला. कंपनीने लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे अपील केले आणि १८५९ मध्ये तो निकाल फिरला. ही जप्ती राज्यसत्तेची कृती आहे, ती न्याय्य असो की अन्याय्य, तिच्यावर न्यायालयाचा अधिकार चालत नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने ठरवले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवला जातो. १८६२ मध्ये सरकारने खासगी मिळकत राण्यांना परत दिली, पण मेहेरबानी म्हणून; हक्क म्हणून नाही. पुढे राण्यांमध्येच वाटणीवरून वाद झाले आणि तेही मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेले.

दागिने वाटता येतात, जमिनी वाटता येतात. ग्रंथसंग्रह वाटला की तो संग्रह राहत नाही. एका ग्रंथाचा पहिला खंड एका शाखेकडे आणि दुसरा खंड दुसऱ्या शाखेकडे, अशी वाटणी कित्येक वाड्यांत झालेली आहे, आणि तिचे तुकडे जुन्या बाजारात दिसतात. तंजावरला ते टळले. वारसांना पोथ्यांपेक्षा इतर मिळकतीत अधिक रस होता, हे त्याचे एक कारण असू शकते. खासगी संग्रह टिकण्यात घरच्या मंडळींच्या दुर्लक्षाचाही वाटा असतो, हे अभ्यासकांना मान्य करावे लागते. दुसरे आणि अधिक ठोस कारण म्हणजे यादी.

ती यादी ए. सी. बर्नेल या मुलकी अधिकाऱ्याने केली. तो तंजावरला न्यायाधीश होता आणि संस्कृतचा गाढा जाणकार होता. १८७१ मध्ये त्याने राजवाड्यातल्या संस्कृत पोथ्या विषयवार लावायला घेतल्या आणि १८८० मध्ये त्यांची वर्गीकृत सूची प्रसिद्ध झाली. दोनच वर्षांनी तो वारला. सूचीत एकदा नोंद झाली की पोथी निनावी राहत नाही. ती हरवली तर हरवली असे म्हणता येते, कोणी विकायला काढली तर कोठून आली हे विचारता येते. बर्नेलच्या कामाने तंजावरचा संग्रह युरोपातल्या आणि भारतातल्या विद्वानांच्या नजरेत आला. यानंतर तो गुपचूप विखुरणे अवघड होते. मालकी अजून घराण्याकडेच होती; जबाबदारी मात्र हळूहळू बाहेरच्यांची होऊ लागली होती.

शेवटचे पाऊल ५ ऑक्टोबर १९१८ रोजी पडले. मद्रास सरकारच्या त्या तारखेच्या आदेशाने राजवाड्यातले हे ग्रंथभांडार, म्हणजे सरस्वती महाल, सार्वजनिक ग्रंथालय झाले. यासाठी १८९० चा धर्मादाय देणग्यांविषयीचा केंद्रीय कायदा वापरला गेला. या कायद्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. त्यात देणगीची मालमत्ता सरकारने नेमलेल्या कोषाध्यक्षाच्या नावावर होते. पण हा कोषाध्यक्ष कारभार पाहत नाही. कारभार एका मंजूर योजनेनुसार समिती पाहते. त्यामुळे मालमत्ता विकण्याचा अधिकार ना समितीच्या हाती राहतो, ना देणाऱ्याच्या वंशजांच्या. घराण्याचे नाव कायम राहते, गहाणखत मात्र कोणालाच करता येत नाही. एका पिढीने दिलेले दान पुढच्या पिढीच्या कर्जापासून वाचवण्याची ही साधी युक्ती आहे.

संग्रह सार्वजनिक झाल्याचा एक परिणाम लवकरच दिसला. तंजावरातल्या इतर मराठी घरांनी आपापली बाडे तेथे आणून दिली. जंबुनाथ भट लांडगे, कागलकर, पतंग अवधूत या नावांचे संग्रह आज सरस्वती महालात आहेत. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या या कुटुंबांत मोडी वाचणारे कमी होत चालले होते, आणि घरात पोथ्या ठेवून वाळवीला खाऊ घालण्यापेक्षा राजांच्या ग्रंथालयात दिलेल्या बऱ्या, हा विचार व्यवहाराला धरून होता. मोठ्या संग्रहाची ही ओढ सगळीकडे आढळते. नामवंत ग्रंथालयाकडे लहान देणग्या आपोआप येतात आणि गावच्या वाचनालयाला मात्र दारोदार फिरावे लागते. १९२८ नंतर पी. पी. सुब्रह्मण्य शास्त्री यांनी संस्कृत पोथ्यांची वर्णनात्मक सूची एकोणीस खंडांत काढली. पोथीचे नाव, पाने, ओळी, आरंभ, शेवट, लिपी, अवस्था असे सर्व तपशील त्यात आले आणि बर्नेलच्या यादीतल्या जागा भरून निघाल्या. ग्रंथालयाच्या आवारातच निवडक वस्तूंचे संग्रहालय आहे. माणसाच्या आणि प्राण्याच्या चेहऱ्यांतले साम्य दाखवणारी शार्ल ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराची चित्रे तेथे पर्यटक खिळून पाहतात. बहुसंख्य लोकांचा सरस्वती महालाशी येणारा संबंध या दालनापुरताच असतो. पोथी प्रत्यक्ष मागणारा वाचक थोडा. त्याच्यासाठी मात्र मागची सगळी यंत्रणा चालते.

महाराष्ट्रात याच प्रकारचा प्रयत्न साताऱ्यात झाला आणि त्याची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. ‘इतिहाससंग्रह’ मासिकाचे संपादक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी आयुष्यभर कागदपत्रे, चित्रे, नकाशे आणि दुर्मिळ ग्रंथ गोळा केले. मेणवलीचे नाना फडणिसांचे दफ्तर हा त्यांच्या संग्रहातला मानाचा ऐवज. त्यांच्या संग्रहासाठी सरकारने साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालयाची इमारत बांधली. ती १९२५ मध्ये तयार झाली आणि १९२६ च्या मार्चमध्ये पारसनीस वारले. माणूस गेल्यावर संग्रहाला जाणता राखणदार राहिला नाही. १९३९ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले तेव्हा हा संग्रह तेथे हलवण्यात आला आणि तेथील मराठा इतिहास संग्रहालयाचा पाया झाला. संशोधकांची सोय झाली. सातारकरांच्या हाती इमारत राहिली. ज्या गावाने कागद जपले त्या गावाला ते गमवावे लागणे योग्य की अयोग्य, यावर मते वेगळी असू शकतात. पण इमारतीपेक्षा सूचीकार आणि ग्रंथपाल यांच्या पगाराची तजवीज आधी करावी लागते, एवढे त्यातून स्पष्ट दिसते. धुळ्याने हे बरे साधले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथे इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे वारले आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांचे टिपण-कागद आणि पोथ्या धुळ्यातच राहिल्या.

संग्रहाचे तुकडे करून देण्याचीही पद्धत आहे. पुरातत्त्वाचे अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजी १८८८ मध्ये मुंबईत वारले तेव्हा त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे नाणी आणि शिलालेख ब्रिटिश म्युझियमला गेले, तर हस्तलिखिते रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेला मिळाली. वस्तू संग्रहालयाला, पोथ्या ग्रंथालयाला, अशी ती विभागणी. वरवर पाहता तर्कशुद्ध. पण नाण्यावरचा लेख आणि त्या लेखावरचे टिपण यांच्यात मग समुद्र येतो. खुद्द ब्रिटिश म्युझियमचा जन्म यापेक्षा उलट विचारातून झाला होता. हॅन्स स्लोन या वैद्याने वस्तू, वनस्पती, ग्रंथ आणि हस्तलिखिते असा आपला अख्खा संग्रह वारसांना २०,००० पौंड द्यावेत या अटीवर देशाला देऊ केला आणि १७५३ मध्ये पार्लमेंटने कायदा करून तो घेतला. सरफोजींचे समकालीन इंग्लंडचे राजे तिसरे जॉर्ज यांचे सुमारे पासष्ट हजार खंडांचे ग्रंथालय त्यांच्या मुलाने १८२३ मध्ये राष्ट्राला दिले. ते आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत काचेच्या उंच मनोऱ्यात एकत्र उभे आहे. ग्रंथ आणि वस्तू ही दोन घरे मात्र तेथेही १९७३ मध्ये वेगळी झाली.

आज भारतात एखाद्या कुटुंबाला आपली पुस्तके संग्रहालयाला द्यायची असतील तर मार्ग फारसा किचकट नाही. जिवंतपणी द्यायची असल्यास बक्षीसपत्र, मृत्यूनंतर द्यायची असल्यास मृत्युपत्र. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे पुस्तकांसारख्या जंगम वस्तूंचे दान नोंदणीकृत दस्ताने करता येते किंवा वस्तू प्रत्यक्ष ताब्यात देऊनही. दात्याच्या हयातीतच संस्थेने दान स्वीकारलेले असावे लागते. तोंडी बोलणी झाली, कपाटे हलवली गेली, पण स्वीकाराचे पत्रच नाही, अशा अवस्थेत पुतण्या-भाच्यांनी हक्क सांगितला की संस्था अडचणीत येते. हस्तलिखितांना आणखी एक कायदा लागू होतो. शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मोल असलेले आणि किमान पंचाहत्तर वर्षे जुने हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने पुरावस्तू ठरते. ते परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.

खरा ताण शर्तींवरून येतो. सगळी पुस्तके एकाच खोलीत ठेवा, दात्याच्या नावाची पाटी लावा, एकही प्रत काढून टाकू नका, घरच्यांना केव्हाही पाहू द्या, अशा अटी दाते घालतात. त्यामागची भावना समजण्यासारखी असली तरी स्वतंत्र खोलीची अट लहान संस्थेला कायमची महाग पडते. त्यापेक्षा प्रत्येक नोंदीत दात्याचे नाव आणि संग्रहाचे चिन्ह घालण्याची अट शहाणपणाची. पुस्तके मग कोणत्याही मांडणीवर असोत, संगणकावर एका क्षणात एकत्र येतात.

देणगी मान्य झाली की जाणता ग्रंथपाल पुस्तके पेटीत भरण्याआधी घरातल्या कपाटांची छायाचित्रे घेतो. कोणते पुस्तक कोणत्या पुस्तकाशेजारी होते, यावरून वाचणाऱ्याच्या डोक्यातली रचना कळते आणि ती एकदा मोडली की परत जुळत नाही. पानांत खोचलेली पत्रे, तिकिटे, वाळलेली पाने, मुंबईच्या तारापोरवाला किंवा थॅकर या विक्रेत्यांची छोटी लेबले, समासातली शिसपेन्सिलीची टिपणे, हे सगळे सफाई करणाऱ्याच्या झाडूने जाऊ शकते. नंतर पुस्तके काही काळ इतर संग्रहापासून दूर ठेवतात. कसर, वाळवी आणि बुरशी एका आजारी खोक्यातून साऱ्या कोठारात पसरते. पूर्वी थायमॉलची धुरी देत. आता अतिथंड पेटीत ठेवून किडे मारण्याची पद्धतही आहे. तंजावरच्या पोथ्यांसाठी वेखंड, दालचिनी, मिरी, लवंग आणि कापूर यांच्या पुरचुंड्या वापरत आणि ताडपत्रांना गवती तेल चोळत. यानंतर दाखल नोंदवहीत क्रमांक चढतो, शिक्का पडतो, सूची होते. दुर्मिळ ग्रंथाच्या चित्रावर शिक्का मारू नये एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ.

दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासाच्या आदिवासी संग्रहालयासारख्या ठिकाणी अशा देणगीला वेगळे मोल येते. तेथे वारली, कोकणा, धोडिया यांच्या जगण्यातली वाद्ये, मुखवटे, दागिने, शिकारीची आणि मासेमारीची साधने मांडलेली आहेत. वस्तूशेजारी तिच्याविषयीचे पुस्तक असले की संग्रहालय अभ्यासाचे ठिकाण होते. पण अशी जुनी पुस्तके बाजारात मिळत नाहीत, ती निघतात घरांतून. नगर हवेली अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशव्यांकडून पोर्तुगिजांकडे गेली आणि २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झाले. या दीडपावणेदोनशे वर्षांचे बरेचसे कागद पणजीत आहेत. पोर्तुगीज-मराठे संबंधांचे अभ्यासक पांडुरंग पिसुर्लेकर यांचा स्वतःचा ग्रंथसंग्रह गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. इतिहासकार दामोदर कोसंबी यांचाही तेथेच. सिल्वासाच्या वाचकाला आपल्या गावाची जुनी पाने पाहायला गोव्याला जावे लागते. महाराष्ट्राचा १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा सिल्वासाला लागू नाही, त्यामुळे पलीकडच्या पालघर किंवा नाशिक जिल्ह्यातल्या वाचनालयांना मिळणारे अनुदान येथल्या संस्थांच्या वाट्याला येत नाही. देणगीपत्राचा आणि मृत्युपत्राचा मार्ग मात्र येथेही खुला आहे.

ग्रंथ सार्वजनिक झाला तरी तो सुरक्षित झाला असे होत नाही. सरस्वती महालाच्या संग्रहालयात तरंगंबाडीला १७१५ मध्ये छापलेला तमिळ नव्या कराराचा ग्रंथ होता. बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग याने भाषांतरित केलेली ही प्रत सरफोजींच्या मालकीची होती आणि तिच्यावर त्यांची सही होती. २००५ मध्ये ती नाहीशी झाली. तपास थंडावला. अनेक वर्षांनी तमिळनाडूच्या मूर्तिचोरीविरोधी पोलीस पथकाने प्रकरण पुन्हा हाती घेतले. परदेशी संग्रहांची संकेतस्थळे चाळताना २०२२ मध्ये लंडनमधल्या एका संग्रहात तीच प्रत सापडली. ती तंजावरचीच, हे कसे कळले? छायाचित्रात राजांची सही दिसत होती, आणि ग्रंथालयाच्या दप्तरी प्रतीची नोंद होती. या दोन पुराव्यांच्या आधारे, सांस्कृतिक वस्तूंविषयीच्या युनेस्कोच्या १९७० च्या कराराखाली ती परत मागण्याची तयारी पोलिसांनी जाहीर केली.